चकवा

सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या खेड्यांत ‘चकवा’ हा शब्द अजूनही ऐकू येतो. सायंकाळी रानातून घराकडे निघालेला एखादा गुराखी किंवा परगावाहून येणारा एखादा वाटसरू नेहमीच्या वाटेने चालू लागतो. तासभर चालूनही गाव येत नाही. तो पावले उचलतो, घाईघाईने आणखी तासभर चालतो, आणि अखेर ज्या आंब्याखाली त्याने मघाशी बसून घाम पुसला होता, त्याच आंब्याखाली पुन्हा येऊन उभा राहतो. दुसऱ्या दिवशी गावात बातमी पसरते की, अमक्याला चकवा लागला. चकवा हे एक भूत असून ते वाटसरूस रात्रभर एकाच जागी फिरवीत ठेवते, अशी जुन्या माणसांची समजूत होती.

भूत खोटे आहे. परंतु माणसाचे फिरणे खोटे नाही. २००९ साली जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील संशोधकांनी या गोष्टीची रीतसर परीक्षा पाहिली. काही माणसांना त्यांनी एका विस्तीर्ण व सपाट जंगलात नेले, काहींना ट्युनिशिया देशातील सहारा वाळवंटात नेले, आणि प्रत्येकास एवढेच सांगितले की, सरळ चालत राहा. प्रत्येकाचा मार्ग उपग्रहांच्या साहाय्याने नोंदला जात होता. ज्यांना सूर्य दिसत होता, ते बऱ्याच अंशी सरळ चालले. ढगाळ दिवशी जंगलात चाललेले मात्र वर्तुळे घेऊ लागले आणि स्वतःचीच मागची वाट पुनःपुन्हा ओलांडून गेले. तरी त्यांना त्याचा पत्ता नव्हता. वाळवंटात रात्री चाललेला एक जण चंद्र दिसत होता तोवर नीट चालला. चंद्र दिसेनासा होताच तो वळत वळत आल्या दिशेकडे परत फिरला. डोळे बांधलेली माणसे तर कधी कधी अवघ्या वीस मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरत राहिली.

एक पाय दुसऱ्याहून किंचित आखूड असल्यामुळे असे होते, असे पूर्वी मानीत असत. तसे असते तर प्रत्येक माणूस नेहमी एकाच अंगास वळला असता. प्रत्यक्षात तोच माणूस कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळताना आढळला. ‘सरळ पुढे’ कोणते, हे माणसाच्या शरीरास पावलागणिक नव्याने ठरवावे लागते. त्यात दर वेळी कणभर चूक होते. बाहेरची एखादी स्थिर खूण दिसत असेल, तर ती चूक तेथल्या तेथे दुरुस्त होते. खूण नसेल, तर चुकीवर चूक साचत जाते. विशेष हे की, चालणाऱ्याच्या मनास त्याची शंकाही येत नाही. आपण अगदी सरळ जात आहोत, अशी त्याची पुरती खात्री असते. रानात चुकलेल्या माणसाचा घात होतो तो बहुधा या खात्रीमुळेच.

तेव्हा रानात हिंडणाऱ्याने आपल्या मनास विचारून चालावयाचे नसते. त्याने सूर्यास, ताऱ्यांस, डोंगरांस आणि नकाशास विचारावे, आणि तेही वाट चुकल्यावर नव्हे, तर पहिल्या पावलापासून. बालवीरांच्या शिक्षणात या विद्येस मोठे स्थान आहे. बालवीर चळवळीचे प्रवर्तक रॉबर्ट बेडन-पॉवेल हे इंग्रज सैन्यातील अधिकारी होते आणि तरुणपणी, १८७६ साली, ते नोकरीनिमित्त भारतात आले होते. १९०७ साली त्यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरविले. भारतात या चळवळीच्या निरनिराळ्या संस्था होत्या. त्या एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था स्थापन झाली. मात्र परदेशी पुस्तकांत दिलेला प्रत्येक नियम आपल्या मुलखात जसाच्या तसा चालत नाही. सूर्य सर्वांचा एकच असला, तरी तो महाराष्ट्राच्या माथ्यावरून जसा जातो तसा इंग्लंडच्या माथ्यावरून जात नाही.

सूर्य पूर्वेस उगवतो, हे लहान मूलही सांगते. परंतु तो बरोबर पूर्वबिंदूवर उगवतो ते वर्षातून दोनच वेळा, मार्च महिन्याच्या २१ तारखेच्या आणि सप्टेंबर महिन्याच्या २३ तारखेच्या सुमारास. जून महिन्यात आपल्याकडे तो पूर्वेच्या उत्तरेस सुमारे २५ अंश सरकून उगवतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेस सरकतो. म्हणजे उगवत्या सूर्याकडे तोंड करून ‘ही पूर्व’ असे म्हणणारा मुलगा जूनमध्ये खरे पाहता ईशान्येच्या बाजूस बराच वळलेला असतो. पाच किलोमीटर चालल्यावर ही चूक दोन किलोमीटरांच्या घरात जाते.

पाश्चात्त्य देशांतील पुस्तकांत घड्याळाच्या साहाय्याने दक्षिण दिशा काढण्याची युक्ती दिलेली असते. तास-काटा सूर्याकडे धरावा, आणि तो काटा व बाराचा आकडा यांच्यामधील कोन दुभागावा, म्हणजे दक्षिण सापडते. डिसेंबर महिन्यात ही युक्ती महाराष्ट्रात बऱ्यापैकी खरी ठरते. मे महिन्यात तीच युक्ती पूर्ण फसविते. कारण त्या दिवसांत सकाळी दहा वाजताही आपल्याकडे सूर्य जवळजवळ पूर्वेसच असतो. तो सरळ वर चढत जातो, बाजूस फारसा सरकत नाही. घड्याळावर विसंबणाऱ्याची तेव्हा साठ अंशांहून अधिक चूक होते. शिवाय मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्या-मुंबईकडे मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेस असतो. भर दुपारी सावली उत्तरेकडे पडते, हा नियमही त्या काळात उलटतो. त्यांपैकी पावसाळ्याचे दिवस ढगांखाली झाकलेले असतात, ही गोष्ट वेगळी.

बारा महिने विश्वासाने चालणारी एक रीत आपल्या देशात फार जुनी आहे. यज्ञवेदी रचताना दिशा अचूक साधाव्या लागत, म्हणून दोन हजार वर्षांहून जुन्या कात्यायन शुल्बसूत्रात ती सांगितली आहे. सपाट जमिनीवर हात-दीड हात उंचीची काठी ओळंब्याने नीट उभी करावी. तिला शंकू म्हणतात. काठीच्या बुडाशी दोरी अडकवून तिच्याभोवती एक वर्तुळ काढावे. सकाळी सावली लांब असते व तिचे टोक वर्तुळाबाहेर पडते. सूर्य चढू लागला की सावली आखडत येते आणि एका क्षणी तिचे टोक वर्तुळावर टेकते. तेथे खडा ठेवावा. दुपारनंतर सावली पुन्हा लांबू लागते आणि तिचे टोक दुसऱ्या बाजूने वर्तुळावर येते. तेथे दुसरा खडा ठेवावा. पहिल्या खड्याकडून दुसऱ्याकडे काढलेली रेषा पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. तिला काटकोनात रेषा काढली की उत्तर-दक्षिण मिळाली. या रीतीस होकायंत्र लागत नाही. लागतो तो धीर. शाळेच्या मैदानावर सुटीच्या दिवशी हा प्रयोग एकदा करून पाहिलेला मुलगा पुढे कोणत्याही उन्हात सावलीकडे पाहिल्यावाचून राहत नाही. चालता चालता तेवढा वेळ नसेल, तर दुपारच्या सुमारास सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवावा, वीस मिनिटे विसावा घ्यावा आणि टोक जेथे सरकले असेल तेथे दुसरा ठेवावा; सावली पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते, एवढ्यावरून कामापुरती दिशा कळते.

रात्री ध्रुवतारा. तो फार तेजस्वी असेल, अशी अनेकांची कल्पना असते. तो मध्यम तेजाचाच आहे. मार्च ते जुलै या महिन्यांत सायंकाळी उत्तरेस सप्तर्षी दिसतात. त्यांच्या चौकोनातील पुलहाकडून क्रतूकडे रेषा काढून ती त्या दोहोंमधील अंतराच्या सुमारे पाचपट पुढे न्यावी, म्हणजे नजर ध्रुवावर पोहोचते. ध्रुव क्षितिजापासून किती उंच दिसावा, हे त्या ठिकाणच्या अक्षांशावर अवलंबून असते. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश. म्हणून तेथे ध्रुव साडेअठरा अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींहूनही किंचित खाली असतो. इतक्या खालचा तारा डोंगराआड सहज दडतो. हिवाळ्याच्या आरंभी सप्तर्षी सायंकाळी मावळलेले असतात, तेव्हा त्यांच्या समोरच्या बाजूस असणारी शर्मिष्ठा उत्तर दाखविते. आणि उत्तरेचे आकाश झाकलेले असेल, तर मृग नक्षत्र उपयोगी पडते. मृगाच्या पोटातील बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी जो आधी उगवतो, तो वर्षभर जवळजवळ बरोबर पूर्वेस उगवतो आणि पश्चिमेस मावळतो. सूर्यालाही हे साधत नाही.

गावाजवळ आल्यावर माणसांनी केलेल्या खुणाही बोलू लागतात. शिवालयातील शाळुंकेचा पन्हाळ बहुधा उत्तरेकडे असतो. पुष्कळ देवळे पूर्वाभिमुख असतात. आपल्या देशातील मशिदीत नमाजाची भिंत पश्चिमेच्या अंगास असते. झाडाच्या उत्तर अंगास शेवाळ वाढते, हा परदेशी पुस्तकांतील नियम मात्र येथे विसरून जावा. सह्याद्रीत पाऊस लागला की शेवाळास चारही दिशा सारख्याच असतात.

दिशा कळली, म्हणजे काम झाले असे अनेक मुलांना वाटते. येथेच मोठी चूक होते. दिशा कळणे आणि आपण कोठे आहोत हे कळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उत्तर कोणती हे ठाऊक असलेला मुलगाही पुरता हरवलेला असू शकतो. कारण त्याचे गाव उत्तरेस आहे की दक्षिणेस, हे त्यास सांगता येत नाही. ठिकाण कळण्यासाठी नकाशा हवा, आणि नकाशा वाचता यावयास हवा.

भारताच्या भूमीचे मोजमाप करून नकाशे काढण्याचे कार्य १७६७ साली स्थापन झालेला भारतीय सर्वेक्षण विभाग करीत आला आहे. पायी फिरणाऱ्यास त्याचा पन्नास हजारास एक या प्रमाणाचा नकाशा सोयीचा पडतो. त्यावरील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. निळ्या रंगाने नद्या, ओढे व तळी, हिरव्याने रान, तांबड्याने रस्ते व वस्ती, आणि तपकिरी रंगाच्या वळणावळणांच्या रेषांनी उंची दाखविलेली असते. या तपकिरी रेषा म्हणजे समोच्चरेषा. एका रेषेवरील सर्व ठिकाणे सारख्या उंचीवर असतात, आणि एका रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंत वीस मीटर चढ असतो. रेषा दूर दूर असतील तेथे पठार किंवा सौम्य उतार असतो; त्या दाटीने आल्या की चढ छातीवर येतो; आणि एकमेकींना चिकटल्या की तेथे कडा आहे असे समजावे. नकाशाचा खरा उपयोग मुलांस या रेषांमुळेच होतो. सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीपासून गडावर जाणारी पायवाट तीन किलोमीटरांहूनही कमी आहे. सपाटीवर तेवढे अंतर अर्ध्या-पाऊण तासाचे. पण त्या वाटेने सुमारे सहाशे मीटर चढावे लागते. स्कॉटलंडमधील नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा अंदाज सांगितला होता: पाच किलोमीटरांस एक तास धरावा, आणि दर सहाशे मीटर चढास आणखी एक तास मिळवावा. त्या हिशेबाने सिंहगडाची वाट दीड तासाची ठरते, आणि पाठीवर पिशवी घेतलेल्या मुलांना प्रत्यक्षात तेवढा किंवा थोडा अधिकच वेळ लागतो. हा हिशेब घरी, निघण्यापूर्वी करावयाचा असतो. अंधार किती वाजता पडतो हे ठाऊक असून चढास किती वेळ लागेल हे ठाऊक नसल्यामुळे अनेक सहली रात्री कड्यावर अडकतात.

नकाशावर आपले ठिकाण कसे शोधावे, याचा सराव करण्यास सिंहगडासारखी जागा क्वचित सापडेल. स्वच्छ हवेच्या दिवशी गडावरून पाहिले, तर उत्तरेस खडकवासल्याचे पाणी चमकते. नैऋत्येस तोरणा, त्याच्या डाव्या हातास राजगड आणि पूर्वेकडे झुकत पुरंदर दिसतो. होकायंत्र हातात सपाट धरून राजगडाच्या बालेकिल्ल्यावर नेम धरावा व सुई पाहावी. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलेल्या कोनास दिगंश म्हणतात. राजगडाचा दिगंश सुमारे २१० अंश येतो, पुरंदरचा सुमारे ११० अंश. आता नकाशावर राजगडापासून उलट दिशेची, म्हणजे ३० अंशांची रेषा ओढावी; पुरंदरपासून २९० अंशांची ओढावी. जेथे या दोन रेषा एकमेकींस छेदतात, तेथे सिंहगड! आपण सिंहगडावर आहोत हे आधीच ठाऊक असल्यामुळे रीत बरोबर साधली की नाही, हे लगेच ताडून पाहता येते. पुढे अनोळखी डोंगरावर हीच रीत उपयोगी पडते. मात्र दूरचे किमान दोन डोंगर नावानिशी ओळखता आले पाहिजेत. म्हणून जुने वाटाडे प्रथम डोंगरांची नावे शिकवितात.

होकायंत्राविषयी एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. चुंबकाची सुई दाखविते ती उत्तर आणि खरी उत्तर यांत महाराष्ट्रात एका अंशाहूनही कमी फरक आहे, तेव्हा त्याची चिंता नको. पण सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात लोहयुक्त खनिजे आहेत आणि काही जागी त्यांच्या ओढीने सुई ढळते. गडावरील तोफ, लोखंडी कठडा, खिशातील चाकू किंवा मोबाईल यांच्याजवळही ती बिघडते. म्हणून दगडावर ठेवून दिगंश घेऊ नये, आणि दहा पावले सरकून पुन्हा एकदा घेऊन पाहावा.

ठिकाण जाणण्याचे दुसरे साधन म्हणजे स्वतःची पावले. या बाबतीत नैनसिंह रावत यांची गोष्ट प्रत्येक बालवीराने ऐकण्यासारखी आहे. कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातील हे शाळामास्तर. त्या काळी तिबेटात परक्यांस प्रवेश नव्हता आणि त्या देशाचा नीटसा नकाशाही नव्हता. सर्वेक्षण विभागाने नैनसिंहांना डोंगर असो वा सपाटी, सारख्याच लांबीचे पाऊल टाकण्याचे शिक्षण दिले. दोन हजार पावलांचा एक मैल. यात्रेकरूच्या वेषात ते निघाले. हातातील जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांस ते एक मणी ओढीत, म्हणजे एक माळ पुरी झाली की पाच मैल झाले. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी मोजमापांचे कागद लपविलेले होते. उकळत्या पाण्यात तापमापक धरून ते जागेची उंची काढीत. अशा रीतीने शेकडो मैल पावलांनी मोजीत जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासा नगरीत पोहोचले, आणि त्या नगरीचे नकाशावरील स्थान व उंची त्यांनी निश्चित केली. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. बारा वर्षांच्या मुलाने इतके करावयाचे नाही. फक्त डावा पाय मोजीत शंभर मीटर चालून पाहावे. साधारणतः सत्तर-ऐंशी वेळा डावा पाय पडतो. चढावर तोच आकडा वाढतो, तोही काढून ठेवावा. दर शंभर मीटरांस एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकला, की नैनसिंहांची माळ तयार झाली.

या सर्व गोष्टींची खरी परीक्षा धुक्यात होते. पावसाळ्याच्या आरंभी सह्याद्रीच्या पठारावर धुके कसे येते, हे ज्याने पाहिले नाही त्यास शब्दांनी सांगणे कठीण. समोरचा डोंगर असतो आणि नसतो. मग शेजारचे झाड जाते. मग पुढे चालणाऱ्याची पाठ दिसेनाशी होते. अशा वेळी सहा मुलांची एक टोळी पठार ओलांडून पूर्वेकडील खिंडीत उतरावयास निघाली आहे, अशी कल्पना करावी. वाट पायाखाली आहे, म्हणून कोणी विशेष पाहत नाही. पण पठारावर वाटा अनेक असतात, आणि त्यांतील बहुतेक गुरांनी पाडलेल्या असतात. ढोरवाटेस गावास पोहोचण्याची घाई नसते. ती गवताकडून गवताकडे जाते आणि कड्याच्या काठाशी संपते. काही वेळाने सर्वांत धाकटा मुलगा विचारतो, “दादा, हीच वाट आहे ना?”

टोळीनायक चौदा वर्षांचा आहे. होकायंत्र पाहतो, तर वाट उत्तरेकडे चालली आहे. ‘हो’ म्हणणे त्यास सोपे आहे. पाच जण त्याच्याकडे पाहत आहेत, आणि थोडे पुढे गेल्यावर खरी वाट सापडेल, असे त्याच्याही मनास वाटत आहे. तो म्हणतो, “मला ठाऊक नाही. सगळे इथेच बसा.”

एवढे बोलण्यास फार बळ लागते. चुकलेली माणसे बहुधा बसत नाहीत. भराभर चालतात, मग धावतात, आणि पिशवी टाकून देतात. बसल्यावर पाणी प्यावे, थोडे खावे, आणि मग एकच प्रश्न विचारावा: आपले ठिकाण शेवटचे नक्की केव्हा ठाऊक होते? टोळीतील एकाने वहीत लिहून ठेवले आहे, “पाण्याचे टाके, ११ वाजून १० मिनिटे.” आता साडेअकरा झाले आहेत. दुसऱ्याच्या खिशात नऊ खडे जमा झाले आहेत. म्हणजे ही टोळी हरवली आहे ती नऊशे मीटरांत. साऱ्या सह्याद्रीत नव्हे. चिखलात उमटलेली स्वतःचीच पावले पाहत, एकमेकांच्या नजरेआड न होता, ती आल्या वाटेने टाक्याकडे परतते. वाट दोन ठिकाणी फुटली, तर दोघे जण शेवटच्या पाऊलखुणेजवळ उभे राहतात आणि बाकीचे त्यांच्या हाकेच्या टप्प्यात राहून शोधतात. टाके सापडले की तेथून पूर्वेची वाट होकायंत्राने पाहून धरावयाची, आणि धुके फारच दाट असेल तर तेथेच थांबावयाचे.

अशा प्रसंगी ओढ्याच्या काठाने खाली उतरत जावे, म्हणजे गाव लागते, असा सल्ला पुष्कळ पुस्तकांत आढळतो. सपाट देशात तो खरा असेल. सह्याद्रीत तो जिवावर बेततो. येथील ओढा थोडे अंतर सौम्यपणे वाहतो आणि एकाएकी शेकडो मीटर खाली कोसळतो. पाण्यास कड्यावरून उडी घेता येते. मुलास येत नाही. घळीत उतरलेल्यास वर चढणेही अवघड होते, आणि पाण्याच्या आवाजात त्याची हाक कोणास ऐकू जात नाही. वाट परत सापडत नसेल, तर कड्यापासून दूर, वाऱ्याच्या आडोशास सर्वांनी एकत्र बसावे आणि शिट्टी वाजवावी. मिनिटास सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा वेळा. हा संकटाचा संकेत डोंगराळ मुलखात जगभर ओळखतात. उत्तरादाखल मिनिटास तीन शिट्ट्या येतात. मोबाईल असेल तर ११२ हा क्रमांक लावून पाहावा. उपग्रहांच्या साहाय्याने तो ठिकाणही दाखवितो, आणि त्याचा उपयोग अवश्य करावा. पण दरीत त्यास संपर्क मिळत नाही, पावसात तो भिजतो, आणि त्याची वीज संपते ती नेमकी सायंकाळी.

वाटेत माणूस भेटला, तर सर्व यंत्रांहून तो बरा. मात्र त्यास विचारावे कसे, हेही शिकावे लागते. “मामा, ही वाट गडावरच जाते ना?” असे विचारले, तर भिडस्त माणूस मुलांचे मन मोडू नये म्हणून ‘हो’ म्हणून जातो. “मामा, गडाची वाट कोणती?” असे विचारावे, म्हणजे तो हात करून दाखवितो. अंतर विचारले तर “हे काय, आलंच की!” असे उत्तर मिळते. रोज दोन डोंगर चढणाऱ्यास ते खरोखरच आलेले असते. म्हणून अंतर न विचारता, “मामा, तुम्हाला किती वेळ लागतो?” असे विचारून त्याची दुप्पट धरावी.

परतीची वाट जातानाच पाहून ठेवावी लागते. ज्या वाटेने वर गेलो तीच खाली उतरताना निराळी दिसते. पाठीमागे असलेले झाड आता समोर येते आणि ओळखू येत नाही. यास्तव प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून पाहावे आणि ते दृश्य मनात साठवावे. मागून दुसरी टोळी येणार असेल, तर दगडांचा बाण रचून दिशा दाखवावी. काटक्यांची फुली म्हणजे या वाटेने येऊ नये. वर्तुळ व त्याच्या मध्ये एक खडा म्हणजे ‘मी घरी गेलो’. बेडन-पॉवेल १९४१ साली केनियातील न्येरी येथे वारले. त्यांच्या समाधीच्या दगडावर हेच चिन्ह कोरलेले आहे. खुणा खड्यांच्या आणि काटक्यांच्याच असाव्यात आणि शेवटच्या टोळीने त्या मोडून टाकाव्यात. झाडाची साल किंवा गडाची भिंत ही खुणेची जागा नव्हे.

निघण्यापूर्वी पायथ्याच्या एखाद्या घरी सांगून जावे: किती जण आहोत, कोणत्या वाटेने जात आहोत, किती वाजेपर्यंत परत येऊ. वाटेत वहीमध्ये वेळ, दिशा व खडे यांची नोंद करीत राहावे. त्यावरून शाळेत परतल्यावर टोळीस स्वतःचा नकाशा काढता येतो, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना तो उपयोगी पडतो. संध्याकाळी खाली उतरल्यावर कितीही भूक लागलेली असो, आधी त्या घरी जाऊन सर्व जण परत आल्याचे कळवावे. नाहीतर दिवेलागणीनंतर ते लोक बत्त्या घेऊन डोंगरात शिरतील, आणि ज्यांना शोधावयाचे ती मुले एसटीत झोपलेली असतील. त्या घरच्या ओट्यावर बसूनच टोळीनायकाने वहीत परतल्याची वेळ लिहावी आणि वही मिटावी.